डोंगरी सायकल आणि तिच्या सस्पेन्शनचा मेळ

व्यापारी कुटुंबांतील तरुण मुलामुलींच्या मागण्यांत अलीकडे एका नव्या वस्तूची भर पडली आहे. ती म्हणजे पुढच्या आणि मागच्या अशा दोन्ही चाकांना सस्पेन्शन असलेली डोंगरी सायकल. तिची किंमत कित्येकदा लाखाच्या पुढे जाते. खरेदीच्या वेळी घरात चर्चा होते ती रंगाची, कंपनीची, गिअरची आणि हप्त्यांची. सायकल घरी येते, आठ-पंधरा दिवस हौसेने फिरवली जाते आणि मग तक्रारी सुरू होतात. खडकाळ वाटेवर हात भरून येतात, उतारावर मागचे चाक उसळी मारते, चढावर सायकल झोके घेते. 'पप्पा, सायकलच खराब निघाली,' असे मुलगा म्हणतो. 'तुला सांभाळता येत नाही,' असे वडील म्हणतात. बहुतेक वेळा दोघांचेही निदान चुकलेले असते. सायकल निर्दोष असते. चालवणाराही शिकाऊ असला तरी अडाणी नसतो. त्या दोघांचा मेळ घालून देण्याचे काम तेवढे कोणी केलेले नसते.

हे काम घरच्या घरी, तासाभरात होऊ शकते. मात्र ते न केल्यास पैसा वाया जातोच, शिवाय मुरमाड उतारावर तोंडघशी पडण्याचा खरा धोका असतो.

थोडा पूर्वेतिहास

डोंगरी सायकलीचा जन्म अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात, मरीन परगण्यात झाला. १९७० च्या दशकात तेथील काही तरुण जाड टायरच्या जुन्या, वजनदार सायकली माउंट टॅमलपायस या डोंगराच्या परिसरातील कच्च्या वाटांवरून खाली पिटाळत असत. १९७६ पासून तेथे शर्यतीही होऊ लागल्या. त्यांतील एका उताराचे नाव 'रिपॅक' असे पडले, कारण एकदा खाली येईपर्यंत मागच्या ब्रेकमधील ग्रीस तापून जळून जाई आणि ते पुन्हा भरावे लागे. त्या सायकलींना सस्पेन्शन नव्हते. सारे हादरे मनगटे आणि कंबर सोसत. १९८९ मध्ये पॉल टर्नर यांनी 'रॉकशॉक्स' ही कंपनी स्थापन केली आणि मोटारसायकलवरील कल्पना सायकलीच्या पुढच्या फोर्कमध्ये उतरवली. पुढे मागच्या चाकालाही शॉक बसवलेल्या सायकली रूढ झाल्या. १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये डोंगरी सायकलिंगचा प्रथमच समावेश झाला.

सस्पेन्शन नेमके काय करते?

आजच्या बहुतेक डोंगरी सायकलींत स्प्रिंगचे काम दाबलेली हवा करते. हवा अधिक भरली की सस्पेन्शन ताठ होते, कमी केली की नरम. त्याच्या जोडीला तेलाची एक यंत्रणा असते. ती दबण्याच्या आणि उसळून वर येण्याच्या गतीला आवर घालते. हवा भार पेलते आणि तेल वेग आवरते, एवढे ध्यानात ठेवले की पुढील सारे सोपे होते.

सायकलीवर बसताच केवळ वजनाने सस्पेन्शन थोडे खाली दबते. या दबण्याला 'सॅग' म्हणतात. नवख्याला तो दोष वाटतो. प्रत्यक्षात तो मुद्दाम राखलेला असतो. वाटेत दगड आला की चाकाला वर जावे लागते, हे उघड आहे. पण खड्डा आला की त्याला खालीही जाता आले पाहिजे, अन्यथा ते जमीन सोडते. जमीन सोडलेल्या चाकाला ना ब्रेक लागतो, ना वळण घेता येते. दुकानदार जशी सगळी रोकड मालात न अडकवता थोडी हाताशी ठेवतो, तसाच हा सॅग.

सर्वसाधारण डोंगरवाटेसाठी मागचा सॅग एकूण चालीच्या २५ ते ३० टक्के आणि पुढचा १५ ते २० टक्के ठेवावा. तरीही सायकलीच्या निर्मात्याने पुस्तिकेत दिलेला आकडा अंतिम मानावा, कारण प्रत्येक सांगाड्याची रचना निराळी असते.

प्रत्यक्ष कृती

आधी टायरमधील हवा ठरवून घ्यावी. टायर दगडासारखे टणक असतील तर त्यांचा हादरा सस्पेन्शनच्या माथी मारला जातो आणि पुढील सारी मापे फसवी ठरतात.

त्यानंतर लागतो तो शॉक पंप. नेहमीचा पायपंप येथे चालत नाही. शॉकमध्ये हवा थोडी, पण दाब मोठा असतो. म्हणून बारीक नळीचा आणि सामान्यतः ३०० पीएसआयपर्यंत दाब दाखवणारा हा पंप वेगळा घ्यावा लागतो. सायकलीच्या किमतीच्या मानाने तो खर्च किरकोळ आहे. पंप जोडताच काट्यावरचा आकडा उतरलेला दिसतो, कारण शॉकमधील थोडी हवा नळीत शिरते. पंप काढताना होणारा फुस्स आवाज बहुतांशी त्या नळीतील हवेचा असतो. त्याने घाबरून पुन्हा हवा भरू नये.

एक उदाहरण घेऊ. समजा, मुलाचे वजन ५८ किलो आहे. हेल्मेट, बूट आणि पाण्याची सॅक मिळून आणखी ४ किलो. म्हणजे सायकलीवर येणारा भार ६२ किलो, अर्थात सुमारे १३७ पौंड. अनेक एअर शॉकसाठी पौंडातील वजन तेवढाच पीएसआय दाब, ही कामचलाऊ सुरुवात मानली जाते. येथे सुरुवात १३७ च्या आसपास होईल. आता दुकानातून येताना त्याच शॉकमध्ये ८० किलोच्या माणसाला शोभेल असा १७५ पीएसआय दाब भरलेला असेल, तर ती सायकल या मुलाला टणक लागणारच.

हवा भरताना दर ५० पीएसआयनंतर सायकल हळूहळू काही वेळा दाबावी, म्हणजे शॉकच्या आतील दोन्ही कप्प्यांत दाब सारखा होतो. ही पायरी गाळली तर माप पहिल्याच फेरीत बदलते.

सॅग मोजण्यासाठी दोन माणसे लागतात. घरातील वडीलधाऱ्यांचा सहभाग येथेच उपयोगी पडतो. चढासाठी शॉक ताठ करणारी कळ असल्यास ती पूर्ण उघडी ठेवावी. मुलाने हेल्मेट आणि सॅकसह सर्व सामान चढवून सायकलीवर यावे आणि वडिलांनी हँडल सावरून धरावे. मुलाने पेडल समपातळीत ठेवून उभे राहावे, गुडघे व कोपर किंचित वाकवावेत, दोन-चार वेळा हलकेच दाब देऊन स्थिर व्हावे. मग शॉकवरील रबरी कडी, म्हणजे ओ-रिंग, सीलपर्यंत सरकवावी. मुलाने झटका न देता अलगद उतरावे. कडी जितकी सरकली, तितका सॅग.

शॉकचा दांडा ५० मिलिमीटर सरकणारा असेल, तर ३० टक्के म्हणजे १५ मिलिमीटर. कडी १० वरच थांबली तर हवा जास्त आहे. २० वर गेली तर कमी. पाच-पाच पीएसआयने बदल करत १५ गाठावे. पुढच्या फोर्कची चाल १३० मिलिमीटर असेल, तर २० टक्के म्हणजे २६ मिलिमीटर. बहुतेक फोर्कमध्ये हवेची झडप डाव्या नळीच्या माथ्यावर असते, आणि कित्येकांच्या नळीवरच वजनानुसार दाबाचा तक्ता चिकटवलेला असतो.

उसळीला लगाम

दबलेले सस्पेन्शन किती वेगाने परत वर यावे, हे 'रिबाउंड' ठरवते. त्याची फिरकी बहुधा लाल असते. ती घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने पूर्ण बंद करावी आणि तेथून उलट किती 'क्लिक' उघडली ते मोजावे. रिबाउंड फार जलद असेल तर मागचे चाक लाथ मारल्यासारखे उसळते. फार संथ असेल तर एकामागून एक येणाऱ्या दगडांवर सस्पेन्शनला वर यायला सवडच मिळत नाही. ते खाली खाली बसत जाते आणि सायकल पुन्हा टणक लागते. सीटवर बसून फूटपाथच्या कडेवरून सावकाश खाली उतरावे. सायकल एकदा उसळून स्थिरावली तर मागचे रिबाउंड जवळपास योग्य आहे. हवा वाढवली की रिबाउंड थोडे संथ करावे लागते, हेही विसरू नये.

दोन्ही टोकांत समतोल असणे सर्वांत महत्त्वाचे. फोर्क अति नरम आणि मागचा शॉक ताठ असेल, तर उतारावर ब्रेक दाबताच सायकल नाक खुपसते आणि चालवणारा हँडलवरून पुढे फेकला जाऊ शकतो. याउलट मागचे फार नरम असेल, तर चढावर पुढचे चाक हलके होऊन भरकटते.

नोंदवहीची सवय

यानंतर परिचयाची, छोटी वाट निवडून त्याच वाटेवरून पुन्हा पुन्हा जावे. एका वेळी एकच गोष्ट बदलावी. तारीख, वजन, पुढचा व मागचा दाब, क्लिकची संख्या आणि 'कसे वाटले' हा एक शब्द, एवढे वहीत लिहावे. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर कशाने फरक पडला ते कधीच कळत नाही. फेरी संपल्यावर कडी कोठवर पोहोचली तेही पाहावे. सॅग योग्य असूनही सस्पेन्शन वारंवार तळाला आपटत असेल, तर आत हवेची जागा कमी करणारे छोटे तुकडे बसवता येतात. ते काम सुरुवातीला जाणत्या मेकॅनिककडून करून घ्यावे. आत दाब असताना शॉक उघडण्याचा प्रयत्न मात्र कोणीही, कधीही करू नये.

वाढत्या वयाची मुले वर्षभरात पाच-सात किलोंनी सहज वाढतात. तेव्हा दर सहामाहीला सॅग पुन्हा मोजावा. थोरल्याची सायकल धाकटीकडे गेली तर पहिल्याच दिवशी मोजावा. फोर्क आणि शॉकच्या चकचकीत नळ्या प्रत्येक फेरीनंतर मऊ फडक्याने पुसाव्यात. पावसाळ्यातील लाल चिखल तेथे साचू देऊ नये. कित्येक उत्पादक फोर्कचे आतले तेल साधारण ५० तासांच्या वापरानंतर बदलण्यास सांगतात. तो खर्च खरेदीच्याच वेळी अंदाजपत्रकात धरावा.

सायकल घेऊन देणे हे पालकांच्या ऐपतीचे काम आहे. ती जुळवून देण्यास ऐपत लागत नाही, एक तास लागतो. रविवारी सकाळी दुकान उघडण्यापूर्वी वडिलांनी हँडल धरावे आणि मुलीने किंवा मुलाने कडीवरचे मिलिमीटर वाचून वहीत टिपावेत. त्यानंतर ज्या उतारावर आपले मूल एकटेच जाणार आहे, तेथे त्याच्या दोन्ही चाकांनी जमीन धरून ठेवण्याची शक्यता निश्चितच वाढलेली असेल.