शस्त्रक्रियेनंतर साखर कुणाची उतरते?

वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेनंतर अनेकांची साखर वजन उतरायच्या आधीच, काही दिवसांत खाली येते. अन्न लहान आतड्याच्या पुढच्या भागात लवकर पोचलं, की जीएलपी-१ हे संप्रेरक वाढतं आणि स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतं.

पण सगळ्यांचीच नाही.

खरा प्रश्न असतो मधुमेह किती जुना आहे, हा. इन्सुलिन तयार करणाऱ्या बीटा पेशी वर्षागणिक निकामी होत जातात. एखाद्या लहान गावात पायाची जखम चिघळेपर्यंत साखर तपासलीच गेली नाही, तर तेवढी मोलाची वर्षं हातची जातात. तैवानचे शल्यविशारद वेई-जेई ली यांच्या, साखर उतरेल का याचा अंदाज देणाऱ्या गुणांकनात मधुमेहाच्या वर्षांसोबत वय, बीएमआय आणि शरीर किती इन्सुलिन बनवतं हे दाखवणारं सी-पेप्टाइडही मोजलं जातं. आधीच इन्सुलिन टोचावं लागत असेल, तर आशा कमी.

आपल्याकडे बीएमआय मात्र फसवा. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटनचे जॉन युडकिन, दोघांचाही बीएमआय २२.३; शरीरातली चरबी मात्र याज्ञिकांची २१.२ टक्के, युडकिन यांची ९.१! ‘लॅन्सेट’ने २००४मध्ये हे छापलं. २०१६च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत आशियाई रुग्णांसाठी शस्त्रक्रियेची बीएमआय-मर्यादा २.५ने खाली आणली आहे, ती योग्यच.

औषधं थांबवून किमान तीन महिने एचबीएवनसी (सरासरी साखरेचं माप) ६.५ टक्क्यांखाली राहिलं, तरच मधुमेह माघारला असं धरतात. साखर पुन्हा वाढू शकते, म्हणून तपासणी त्यानंतरही दरवर्षी करावीच लागते.