स्मार्ट उपकरणांनाही झोप हवी!

गिरगाव-लालबागच्या चाळींत जिन्याखाली मीटरच्या पेट्यांची रांग असते. पूर्वी तिथे माणूस येऊन रीडिंग टिपून न्यायचा. बेस्टने बसवायला घेतलेले स्मार्ट मीटर हे रीडिंग स्वतःच पाठवतात. वर घराघरांत वायफाय राउटर, कॅमेरे आणि मोबाइलवर चालणारे दिवे आहेतच. या उपकरणांमुळे वीज वाचते असे सांगितले जाते. पण ती स्वतः किती वीज खातात?

हिशेब सोपा आहे. एक वॅटचे उपकरण अखंड चालू राहिले, तर वर्षाला ८.७६ युनिट लागतात. ८ वॅटचा राउटर वर्षाला सुमारे ७० युनिट घेतो. बेस्टचे वीजग्राहक १० लाखांहून अधिक आहेत. प्रत्येकाकडे फक्त एक वॅट कायमचा वाढला, तरी शहराला वर्षाला ८७ लाखांहून अधिक युनिट जास्त लागतील.

वीज जाते कुठे?

तापमान मोजायला किंवा आकडा साठवायला फार थोडी वीज पुरते. लहान उपकरणांत खरा खर्च होतो तो रेडिओ चालू ठेवण्यावर. संदेश पाठवतानाच नव्हे, तर ‘कोणी बोलावते का’ म्हणून कान देऊन बसण्यातही वीज जाते. जाड भिंतींआड सिग्नल क्षीण झाला, की संदेश अधिक जोराने किंवा पुन्हा पाठवावा लागतो.

यावरचा उपाय म्हणजे झोप. २२० मिलिअँपिअर-तास क्षमतेचा बटनसेल घ्या. रेडिओ सतत चालू राहून १० मिलिअँपिअर प्रवाह घेत असेल, तर तो सेल दिवसभरही टिकत नाही. तेच उपकरण बहुतेक वेळ झोपून सरासरी १० मायक्रोअँपिअरवर आले, तर गणिताने अडीच वर्षे निघतात. सेल कमी बदलावे लागले, की कचराही घटतो.

दुसरा उपाय डबेवाल्यांकडून शिकावा. ते एकेका डब्यासाठी वेगळी फेरी करत नाहीत. दर अर्ध्या तासाच्या ४८ नोंदी साठवून एकत्र पाठवल्या, तर रेडिओ ४८ वेळा जागवावा लागत नाही. दूरच्या टॉवरपर्यंत ओरडण्याऐवजी शेजारच्या उपकरणामार्फत निरोप पुढे देणेही अनेकदा स्वस्त पडते.

घरी काय करावे?

घेण्यापूर्वी एकच प्रश्न विचारा : हे उपकरण खाते त्यापेक्षा जास्त वाचवते का? समजा, स्मार्ट प्लग एक वॅट घेतो. रिकाम्या मोबाइल चार्जरला दशांश वॅटही पुरतो. त्याला हा प्लग लावणे तोट्याचे. १० वॅटचा सेट टॉप बॉक्स मात्र त्याने रोज १६ तास बंद ठेवला, तर वर्षाला ५८ युनिट वाचतात. प्लगचे सुमारे ९ युनिट वजा केले तरी फायदाच.

अर्थात भिंतीवरचे बटण हेच काम फुकट करते. सेट टॉप बॉक्स रिमोटने नव्हे, बटणाने बंद करा. कॅमेरा किंवा इतर गरजेचे काही जोडलेले नसेल, तर रात्री राउटरलाही झोपू द्या.