कळंब

महाराष्ट्र राज्याच्या धाराशिव (पूर्वीचे उस्मानाबाद) जिल्ह्यातील याच नावाच्या तालुक्याचे मुख्य ठिकाण. हे धाराशिवच्या उत्तरेस सु. ५० किमी. अंतरावर मांजरा नदीकाठी वसले असून नदीपलीकडे बीड जिल्ह्याचा केज तालुका लागतो. येथे नगर परिषद आहे. ‘कळंब’ हे कदंब वृक्षाचे मराठी नाव होय. यवतमाळ जिल्ह्यातील कळंब हे तालुक्याचे गाव यापासून भिन्न आहे.

मांजरा ही गोदावरीची प्रमुख उपनदी. बीड जिल्ह्याच्या पाटोदा तालुक्यात, बालाघाटच्या रांगेत ती उगम पावते आणि सु. ७२४ किमी. चा प्रवास करून तेलंगणाच्या सीमेवर गोदावरीस मिळते. कळंब तिच्या वरच्या खोऱ्यात येते. येथील पर्जन्यमान मध्यम व अनिश्चित असल्याने नदी बारमाही राहत नाही. काळ्या जमिनीत ज्वारी, तूर, हरभरा ही पिके पूर्वापार घेतली जातात. अलीकडे सोयाबीन व ऊस यांचे क्षेत्र वाढले आहे. तालुक्यातील रांजणी येथे खाजगी साखर कारखाना असून कळंब ही धान्याची बाजारपेठ आहे.

हा प्रदेश १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता. जिल्ह्याचे ‘उस्मानाबाद’ हे नाव सातवा निजाम मीर उस्मान अली खान याच्या नावावरून पडले होते. ते २०२३ मध्ये बदलून धाराशिव करण्यात आले. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत मराठवाड्याबरोबर कळंब द्विभाषिक मुंबई राज्यात व १९६० मध्ये महाराष्ट्रात आले. संस्थानी राजवटीने मांजरेवर निजामसागर हे मोठे धरण बांधले (१९२३–३१), परंतु ते खालच्या खोऱ्यात, तत्कालीन निजामाबाद जिल्ह्यात. वरच्या खोऱ्यास अशा धरणासाठी सु. अर्धशतक थांबावे लागले. केज तालुक्यातील धनेगाव येथील मांजरा प्रकल्प १९८० च्या सुमारास उभा राहिला. त्याची एकूण साठवण क्षमता सु. २२४ दशलक्ष घमी. असून लातूर, अंबाजोगाई, केज, कळंब आदी शहरांचा पाणीपुरवठा व परिसरातील ऊसशेती ही दोन्ही त्यावर अवलंबून आहेत.

कळंब शहरास थेट लोहमार्ग नाही. बार्शी लाइट रेल्वेचा अरुंदमापी मार्ग कुर्डुवाडीहून बार्शीपर्यंत १८९७ मध्ये सुरू झाला व १९११ मध्ये लातूरपर्यंत पोहोचला. ‘कळंब रोड’ हे त्यावरील कसबे तडवळ्याजवळचे स्थानक तालुक्यास सोयीचे ठरले. याच कसबे तडवळे येथे १९४१ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या उपस्थितीत महार-मांग वतनदार परिषद भरली. २००७-०८ मध्ये हा मार्ग रुंदमापी झाला. २०१६ च्या दुष्काळात मांजरा प्रकल्प कोरडा पडला, तेव्हा एप्रिलपासून मिरजेहून लातूरला पाणी नेणाऱ्या गाड्या याच मार्गावरून गेल्या. नदीकाठच्या प्रदेशाला कृष्णेच्या खोऱ्यातील पाणी रेल्वेने मिळावे, यातून पीकपद्धती व पाणीवाटप यांचा प्रश्न ऐरणीवर आला. चांगल्या पावसाने जलाशय भरला, तरी तो प्रश्न सुटलेला नाही.

या भागातील शेतकऱ्याची होरपळ मराठी कथेत आणणारे भास्कर चंदनशिव यांचा जन्म कळंब तालुक्यातील हासेगाव येथे १९४५ मध्ये झाला. जांभळढव्ह, मरणकळा, अंगारमाती हे त्यांचे कथासंग्रह होत. कवडीमोल भावामुळे टोमॅटो बाजारातच तुडविणाऱ्या शेतकऱ्याची ‘लाल चिखल’ ही त्यांची कथा शालेय पाठ्यपुस्तकातून महाराष्ट्रभर पोहोचली. शिक्षणप्रसारक ज्ञानदेव मोहेकर यांच्या नावाचे महाविद्यालय कळंब येथे असून ते डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाशी संलग्न आहे.

तालुक्यातील येरमाळा हे सोलापूर–धुळे राष्ट्रीय महामार्गावरील गाव येडेश्वरी देवीच्या डोंगरावरील मंदिरासाठी प्रसिद्ध आहे. चैत्र पौर्णिमेच्या यात्रेत देवीची पालखी आमराईत येते. वाटेत भाविक चुनखडीचे खडे वेचून अर्पण करतात. ‘चुना वेचणे’ या नावाने हा विधी ओळखला जातो.