सातपुड्याने घडवलेला जनरल

नंदुरबार जिल्ह्याच्या वायव्य टोकाला, नर्मदेच्या दक्षिण काठावर मणिबेली आहे. सरदार सरोवरामुळे महाराष्ट्रातल्या ३३ गावांवर पाणी आले, त्यांत पहिले हे. १९९४ साली मोठ्या धरणांना जागतिक बँकेने पैसा देऊ नये, अशी मागणी देशोदेशीच्या संघटनांनी केली. त्या मागणीचा मसुदा ‘मणिबेली जाहीरनामा’ म्हणून ओळखला जातो. मणिबेलीबद्दलचे बहुतेक लिखाण इथूनच सुरू होते. पण सातपुड्याच्या या डोंगरात सरकार शिरले कसे, हा प्रश्न मला अधिक जुना आणि अधिक महत्त्वाचा वाटतो. त्याचे उत्तर शोधताना जेम्स आउट्रम या इंग्रज सेनानीची गाठ पडते.

१८१८ मध्ये पेशवाई बुडाली आणि खानदेश कंपनीच्या हाती आला. घाट राखायचे आणि त्या बदल्यात वाटसरूंकडून, गावांकडून हक्क घ्यायचा, ही भिल्ल नाईकांची जुनी वहिवाट. ती मोडली की लूट सुरू होई. कंपनीने सात वर्षे फौजा पाठवल्या. हिवतापाने शिपाई मेले, नाईक मात्र पुरते आटोक्यात आले नाहीत. शेवटी १८२५ मध्ये गव्हर्नर एल्फिन्स्टन यांच्या कारकिर्दीत खानदेशात तीन भिल्ल एजन्सी नेमल्या गेल्या. नंदुरबार-सुलतानपूरकडची एजन्सी कुकरमुंड्याला होती. भिल्लांचीच पलटण उभारण्याचे काम धरणगावला आउट्रमकडे आले. तेव्हा त्याचे वय होते अवघे २२.

आधी त्याने डोंगरातल्या टोळ्यांवर छापे घातले. हे विसरून चालणार नाही, कारण पुढची गोष्ट फार गोड करून सांगितली जाते. मग तो त्यांच्यात राहू लागला, त्यांच्याबरोबर शिकारीला जाऊ लागला. दहा वर्षांत १९१ वाघांच्या शिकारीत तो हजर होता, असे त्याचे चरित्रकार अभिमानाने नोंदवतात. आजच्या सातपुड्याकडे पाहिले की हा आकडा बोचतो. भिल्ल आधी बिचकले. एका जागी जमवून आपली कत्तल करतील, ही त्यांची शंका अनुभवातूनच आली होती. तरी मूठभर लोक आले आणि बघता बघता शेकडो झाले. आउट्रमच्याच जुन्या पलटणीतल्या उच्चवर्णीय शिपायांनी या भिल्लांना बरोबरीने वागवले, पान-सुपारी दिली. या प्रसंगाने भरती पक्की झाली. पगारापेक्षा मान मोठा ठरला.

१८३० मध्ये हीच माणसे घेऊन तो डांगच्या राजांवर चालून गेला. १८३५ मध्ये त्याने खानदेश सोडला. पुढे अफगाण युद्ध, मग सिंध. सिंध गिळण्याला त्याचा विरोध होता. लुटीतला आपला वाटा त्याने धर्मादायाला दिला. बडोद्याला रेसिडेंट असताना दरबारातली आणि मुंबई सरकारभोवतीची लाचखोरी त्याने उघड केली, आणि १८५१ मध्ये त्यालाच पद सोडावे लागले. हाच माणूस १८५६ मध्ये अवध खालसा करण्याचा हुकूम वाजिद अली शहाला ऐकवतो. त्याची सचोटी खरी होती, आणि ती साम्राज्याच्या कामी आली हेही खरे. मला त्यातले एक वगळून दुसरे सांगता येत नाही.

१८५७ च्या उठावात लखनौच्या वाटेवर, ज्येष्ठ असूनही, त्याने सेनापतिपद जनरल हॅवलॉककडे राहू दिले आणि स्वतः स्वयंसेवक म्हणून लढला. त्यानंतर त्याला बॅरोनेट किताब मिळाला, तो लेफ्टनंट जनरल झाला. १८६३ मध्ये फ्रान्समधल्या पो येथे तो वारला, आणि वेस्टमिन्स्टर ॲबीत त्याचे दफन झाले.

लखनौ पडले त्याच सुमारास सातपुडा पेटला होता. सेंधव्याचा घाट राखणारा खाज्या नाईक आणि त्याच्याबरोबर भीमा नाईक इंग्रजांविरुद्ध उठले. ११ एप्रिल १८५८ रोजी आंबापाणीला लढाई झाली. तिथे इंग्रजांच्या बाजूने आउट्रमने उभारलेली भिल्ल पलटणही होती. एकाच डोंगरातली माणसे समोरासमोर आली, ती तेहतीस वर्षांपूर्वीच्या त्या भरतीमुळे.

आउट्रमचे पुतळे लंडन-कलकत्त्यात उभे राहिले, त्याची चरित्रे निघाली. त्याच्या पहिल्या भिल्ल शिपायांवर मात्र मराठीत एखादे साधे पुस्तकही माझ्या पाहण्यात नाही. अक्कलकुवा-धडगावच्या आश्रमशाळांत शिकून पदवीपर्यंत पोचलेली मुले-मुली आता इतिहास विषय घेतात. त्या काळची सरकारी कागदपत्रे मुंबईच्या पुराभिलेखागारात आहेत. त्यांतून त्या शिपायांची नावे, गावे आणि कुळे शोधायचे काम या मुलांकडे सोपवावे, आणि विद्यापीठाने त्यासाठी शिष्यवृत्ती ठेवावी.