करवंट्या, चिंचोके आणि अर्धा तास

वाढदिवस उलटून आठवडा होतो न होतो तोच बॅटरीवर धावणारी मोटार पलंगाखाली जाऊन पडते आणि ती ज्या पुठ्ठ्याच्या खोक्यातून आली ते खोके मात्र दिवाणखान्याच्या मध्यभागी ठाण मांडून बसते, हा अनुभव लहान मुले असलेल्या बहुतेक घरांना परिचित आहे. पालकांना याचे नवल वाटते; क्वचित खर्चलेल्या पैशांची हळहळही वाटते. वस्तुतः त्यात नवल काहीच नाही. मोटार धावते, दिवे लावते, शिट्टी वाजवते. जे काही करायचे ते तीच करते आणि मुलाच्या वाट्याला कळ दाबण्यापुरते काम उरते. खोके स्वतः काहीच करीत नाही, म्हणून ते सकाळी घर होते, दुपारी आगगाडीचा डबा आणि संध्याकाळी मांजराचे अंथरूण.

मात्र आगगाडी म्हटली की उतारू हवा, तिकीट तपासनीस हवा. लहान मुलाच्या खेळाला सामग्रीपेक्षा सवंगड्याची गरज अधिक, आणि आजच्या दोन-तीन खोल्यांच्या घरात तो सवंगडी बहुधा आई, बाबा, आजी किंवा आजोबा यांनाच व्हावे लागते. खेळण्यांवरील खर्च वाढत जातो तो याच ठिकाणी. दिवसभर कचेरीत अडकलेले आईवडील वेळेची उणीव वस्तूने भरून काढू पाहतात. रोज संध्याकाळचा अर्धा तास, दूरदर्शन संच बंद आणि मोबाइल दुसऱ्या खोलीत, एवढी तरतूद झाली तर बाकीचे साहित्य स्वयंपाकघरातच सापडते.

महाराष्ट्राला हा विचार नवा नाही. भावनगरला गिजुभाई बधेका यांच्यासमवेत काम केलेल्या ताराबाई मोडक १९४५ साली आजच्या पालघर जिल्ह्यातील बोर्डी येथे गेल्या आणि तेथे त्यांनी अनुताई वाघ यांच्यासह ग्रामीण बालशिक्षणाचे काम आरंभिले. पुढे ते जवळच्या कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांपर्यंत पोहोचले. मॉन्टेसोरी पद्धतीची घोटीव लाकडी साधने खेड्यातील बालवाडीला परवडणारी नव्हती. तेव्हा शिंपले, खडे, बिया, पाने, काड्या अशा भोवतालच्या वस्तूच शिक्षणसाहित्य झाल्या. मोजायला खडे, रंग ओळखायला पाने-फुले, लहानमोठे लावायला शिंपले! मुले शाळेत येत नाहीत असे दिसताच बालवाडीच त्यांच्या अंगणात नेण्यात आली. ‘अंगणवाडी’ हा आज देशभर रुळलेला शब्द याच प्रयोगातून आला.

शहरी घरात अंगण नसले तरी ओटा असतो. दोन करवंट्यांना दोऱ्या बांधून त्या कपड्यांच्या हँगरच्या दोन्ही टोकांना अडकवल्या आणि हँगर दाराच्या कडीला टांगला की तराजू तयार होतो. एका बटाट्याला किती कांदे, हे मुलाने आधी हातात घेऊन सांगायचे आणि मग तराजूला विचारायचे. चार वर्षांचे मूल या खेळात तासभर रमते, आणि तेवढ्यात भाजीही निवडून होते. दोन वाट्या कणीक, एक वाटी मीठ, चमचाभर तेल आणि लागेल तसे पाणी घालून मळलेला घट्ट गोळा हवाबंद डब्यात ठेवल्यास काही दिवस टिकतो. हळदीने तो पिवळा होतो, बिटाच्या रसाने गुलाबी. (हळदीचे हात भिंतीला लागू नयेत याची काळजी आधीच घेतलेली बरी.) या गोळ्याचे साप, लाडू, गणपती होतात, मिठाचे प्रमाण फार असल्याने तो तोंडात जाणार नाही याकडे लक्ष असावे.

भातुकली आणि दुकान-दुकान हे खेळ पिढ्यान् पिढ्या चालत आले आहेत. त्यांत ‘बँक-बँक’ या खेळाची भर घालण्यास हरकत नाही. एका बाजूला रोखपाल, दुसऱ्या बाजूला खातेदार; चिंचोके ही नाणी, पाठकोऱ्या कागदाचे तुकडे या भरणा पावत्या आणि अर्धा कापलेला बटाटा रंगात बुडवून शिक्का. रांगेत उभे राहणे, आपली पाळी येईपर्यंत थांबणे, दिलेले मोजून घेणे या गोष्टी पाच वर्षांच्या मुलाला उपदेशाने शिकवू गेल्यास दोन्ही पक्षांचा संयम संपतो. खिडकीपलीकडे आजोबा रोखपाल म्हणून बसले की त्याच गोष्टी ते आनंदाने करते. जुने चेकबुक मात्र खेळायला देऊ नये!

थोड्या मोठ्या मुलांसाठी अरविंद गुप्ता यांचा एक प्रयोग करून पाहण्याजोगा आहे. आयआयटी कानपूरचे हे अभियंते १९७८ साली मध्य प्रदेशात होशंगाबादच्या विज्ञान शिक्षण कार्यक्रमात सहभागी झाले आणि तेथील आठवडी बाजारातील किरकोळ वस्तूंपासून त्यांनी खेळणी बनवली. सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबच्या लहान तुकड्यांनी गूल काढून टाकलेल्या आगकाड्या एकमेकींना जोडायच्या. चौकोन केला तर तो बोटाने दाबताच कलतो. त्रिकोण कलत नाही. लोखंडी पुलावर आणि छपराच्या कैचीत इतके त्रिकोण का दिसतात, याचे उत्तर मुलाच्या बोटांना आपोआप मिळते.

घरच्या खेळात खर्च कमी, पण दक्षता कमी नसावी. तीन वर्षांखालील मुलांच्या हाती सुमारे सव्वा इंचाहून लहान वस्तू देऊ नये. ती घशात अडकू शकते. चिंचोके, गोट्या, बटणे त्यांच्यापासून दूरच बरी. बिया वेचताना तर विशेष सावध असावे. लालचुटूक गुंजा आणि पिवळ्या कण्हेरीच्या बिट्ट्या खेळायला घेण्याची जुनी चाल असली तरी या दोन्हींच्या बिया अत्यंत विषारी आहेत. विकतच्या खेळण्यांत बटणासारखी चपटी बॅटरी असल्यास तिचे झाकण स्क्रूने घट्ट बसलेले आहे ना, हे पाहावे. ती गिळली गेल्यास क्षणाचाही विलंब न करता रुग्णालय गाठावे. खेळणी विकत घेतलीच तर त्यांवर आयएसआय चिन्ह असावे. १ जानेवारी २०२१ पासून ते बंधनकारक आहे.

मूल चिंचोके तोंडात घालण्याच्या वयापलीकडे गेले की चल्लस आठ मांडावा. फरशीवर खडूने पाच बाय पाच घरांचा पट आखायचा. चारही बाजूंची मधली घरे आणि पटाचे मध्यघर यांवर फुली मारायची. चार चिंचोके एका बाजूने दगडावर घासून पांढरे करायचे. टाकल्यावर जितके पांढरे वर येतील तितकी घरे चालायचे. चारही पांढरे आल्यास चार, चारही काळे आल्यास आठ आणि दोन्ही वेळा पुन्हा एक डाव. सोंगट्या म्हणून बटणे, शेंगांची टरफले, बांगड्यांचे तुकडे काहीही चालते. बाहेरच्या घरांतून फेरी पूर्ण करून आतल्या घरांत वळायचे आणि मध्यघर गाठायचे. फुलीवरची सोंगटी मारता येत नाही. दोनाचे दान सारखे पडते आणि आठाचे क्वचितच, हे मुलांच्या चटकन ध्यानात येते. त्यामागचे गणित पुढे शाळेत भेटते.

बदलीच्या नोकरीत गाव सोडून परप्रांती गेलेल्या कुटुंबांना या पटाचा आणखी एक उपयोग आहे. नव्या गावातील मुलांची भाषा कळत नाही, म्हणून पहिले काही महिने आपले मूल खिडकीतून त्यांचा खेळ पाहत उभे राहते. अशा वेळी इमारतीच्या जिन्यापाशी खडूने हा पट आखून पाहावा. हैदराबादेत त्याला ‘अष्टा चम्मा’ म्हणतात, म्हैसूरकडे ‘चौका भारा’. काही नियम घरोघर निराळे, पण पट तोच आणि चाराआठाचे दानही तेच. कोणता नियम खरा, यावरून भांडण होण्याइतकी भाषा दोन्ही बाजूंना आठवड्याभरात येते.