पंखांची अफवा आणि घोड्यांचा हिशेब

पालघर जिल्ह्यात, जव्हार गावापासून थोड्याच अंतरावर शिरपामाळ नावाचे पठार आहे. डिसेंबर 1663 च्या अखेरीस सुरतेच्या मोहिमेवर निघालेल्या छत्रपती शिवाजी महाराजांचा तळ येथे पडला, जव्हारचे राजे विक्रमशहा मुकणे यांनी त्यांचे स्वागत करून मानाचा शिरपेच अर्पण केला आणि त्यावरूनच माळाला हे नाव पडले, अशी स्थानिक परंपरा आहे. महाराजांच्या त्या भेटीचे स्मारक आज तेथे उभे आहे.

त्या मोहिमेनंतर काही महिन्यांतच, 1664 साली, सुरतेच्या इंग्रज वखारीतून लिहिलेल्या एका पत्रात मोठी मौजेची नोंद आढळते. शिवाजी महाराजांना वायुरूप देह आणि पंख असल्याची वदंता लोकांत पसरली आहे. कारण त्याशिवाय एकाच वेळी इतक्या ठिकाणी असणे एका माणसाला शक्य नाही, असा तिचा आशय आहे. पुढे 17 ऑगस्ट 1666 रोजी महाराज आग्र्याच्या कैदेतून निसटले, तेव्हाही असेच घडले. पहाऱ्याची जबाबदारी असलेल्या कोतवाल फुलादखानाने बादशहाला कळविले की, कैदी डोळ्यांदेखत नाहीसा झाला आणि हा प्रकार जादूटोण्याचाच असला पाहिजे.

या दोन्ही नोंदी लिहिणारे निरक्षर नव्हते, वेडेही नव्हते. मग त्यांना पंख आणि जादू का दिसली? व्यापारी माणसाने या प्रश्नाचे उत्तर हिशेबाची वही उघडूनच शोधावे.

प्रथम वेगाचा हिशेब पाहू. शिरपामाळापासून सुरत सरळ रेषेत सुमारे 150 किलोमीटर आहे. रानवाटांची वळणे धरून हे अंतर 200 किलोमीटर मानले आणि हाती सहा-सात दिवस धरले, तर रोजची मजल सुमारे 29 ते 33 किलोमीटर होते. इंग्रजांच्या नोंदीप्रमाणे मंगळवार, 5 जानेवारी 1664 रोजी सकाळी सुरतेत बातमी आली की, महाराजांची फौज गणदेवीस, म्हणजे सुमारे 45 किलोमीटरवर येऊन ठेपली आहे. बुधवारी दुपारच्या आत ती शहराच्या वेशीशी होती. सडे स्वार, अंगावर बेताचे सामान आणि सोबत जड तोफखाना नाही, अशा फौजेला एवढी मजल सहज साधते. मोगली फौजांच्या संथ चालीची सवय झालेल्या डोळ्यांना मात्र ती उड्डाणासारखी भासली.

दुसरा मुद्दा एकाच वेळी अनेक ठिकाणी असण्याचा. हुंडी लिहिल्याची मिती आणि ती हाती पडल्याचा दिवस हे वेगळे असतात, हे पेढीवरच्या नवशिक्या मुनीमालाही ठाऊक असते. बातमीचेही तसेच आहे. पुण्याची आठ दिवसांपूर्वीची आणि कल्याणची तीन दिवसांपूर्वीची वार्ता सुरतेत एकाच सकाळी पोहोचली, तर ऐकणाऱ्याला वाटणार की माणूस एकाच वेळी दोन्हीकडे आहे. त्यात मराठ्यांच्या अनेक तुकड्या निरनिराळ्या मुलखांत फिरत असत आणि सरनोबत नेताजी पालकर तर ‘प्रतिशिवाजी’ म्हणूनच ओळखले जात. प्रत्येक तुकडीची बातमी लोक एकाच नावावर जमा करीत गेले.

तिसरा मुद्दा परक्या शहरातील अंतस्थ गोष्टी जाणण्याचा. सुरतेच्या वेशीवर पोहोचण्यापूर्वीच महाराजांनी शहराचा अधिकारी इनायतखान याला निरोप धाडला होता. त्याने व तीन प्रमुख धनिकांनी जातीने येऊन खंडणीचा ठराव करावा, असा तो निरोप होता आणि त्यात तिघांची नावेही होती. त्यांपैकी एक होते जैन समाजातील प्रख्यात सावकार वीरजी व्होरा. फ्रेंच प्रवासी बर्निए याने लिहून ठेवलेली दुसरी हकीकत अधिक बोलकी आहे. डचांच्या एका मृत हिंदू दलालाचे घर, तो हयातीत फार दानशूर होता हे कळल्यामुळे, लुटीतून वगळण्यात आले. कोणाकडे किती धन आहे आणि कोणी किती दान केले, हे फौजेला कळले कसे? यात अंतर्ज्ञान काही नव्हते. सुरतेत अपार द्रव्य असल्याची खबर बहिर्जी जासूदाने आणल्याचा उल्लेख सभासद बखरीत आहे. बाजारात रोज बोलल्या जाणाऱ्या गोष्टी कोणीतरी शांतपणे ऐकून, लक्षात ठेवून, योग्य ठिकाणी पोहोचविल्या होत्या.

आता वहीची दुसरी बाजू पाहू. सुरत ही मोगलांची सर्वांत श्रीमंत बंदरपेठ. परंतु शहराला पक्का तट नव्हता. बंदोबस्तासाठी सैनिकांचा जो पगार मंजूर होता, तेवढे सैनिक इनायतखानाने ठेवलेच नव्हते. संकट दिसताच तो किल्ल्यात जाऊन बसला. वीरजी व्होरांची हवेली लुटली गेली, जाळली गेली. इंग्रज वखारीचे प्रमुख सर जॉर्ज ऑक्झेंडन यांनी मात्र दोनशेच्या आसपास माणसे जमवून वखारीची नाकेबंदी केली आणि ती वाचविली. समोर पंखधारी कोणी नसून माणसे आहेत, असे धरून ते वागले. तरीही अफवेतील पंख पुढे त्यांच्याच वखारीच्या पत्रात उमटावेत, हे अफवेचे बळ.

पंखांची कथा कोणाच्या सोयीची होती, हे येथे स्पष्ट होते. आग्र्याच्या पहाऱ्याबाबत प्रचलित वृत्तांत असा की, महाराजांनी आजाराचे निमित्त केले, रोज मिठाईचे पेटारे बाहेर पाठविण्याचा पाठ पाडला. आरंभी पहारेकरी ते उघडून पाहत, पुढे कंटाळून पाहीनासे झाले. कोतवालाने हे कबूल केले असते, तर दोष त्याच्या माथी आला असता. जादूचे नाव घेतल्यावर दोष कोणाचाच राहत नाही. चमत्कार हा बहुधा झोपलेल्या पहारेकऱ्याचा जबाब असतो. त्यात जिंकणाऱ्याचाही सन्मान नाही; कारण वर्षानुवर्षांची तयारी, वाटांचा अभ्यास, शिस्त आणि धैर्य, हा सारा पुरुषार्थ त्यामुळे पुसला जातो.

हा जबाब आजही आपल्या बाजारपेठांत ऐकू येतो. भरदिवसा एखाद्या दुकानातून अनोळखी व्यक्ती रोकड किंवा दागिना घेऊन जाते आणि मागाहून सांगितले जाते, “त्याने भूल घातली, मला संमोहित केले.” अनोळखी माणसाने चार वाक्यांत दुसऱ्याला इच्छेविरुद्ध गल्ला उघडायला लावावा, असे सामर्थ्य संमोहनात नाही. तेथे घडते ते साधे असते. एकाच वेळी दोन-तीन गोष्टी मागून लक्ष विभागले जाते, सुट्या पैशांच्या देवघेवीत घाई केली जाते, ओळखीच्या नावाचा दाखला दिला जातो. दूरध्वनीवरून खाते क्रमांकाचे शेवटचे आकडे सांगणारा, किंवा दारात येऊन घरातील आजारपण ओळखणारा, यांच्यामागेही कोठून तरी मिळविलेली माहिती असते. आपणच नकळत दिलेली असते किंवा ती शेजारीपाजारी सहज मिळते.

‘भूल पडली’ असे म्हणून विषय मिटविणाऱ्या घरात दुसऱ्या दिवशीही गल्ला तसाच उघडा राहतो. फसवणूक झाल्यावर नोकराला किंवा घरातल्या वृद्धांना दोष देण्यापूर्वी, तसेच दैवाकडे बोट दाखविण्यापूर्वी, शांतपणे बसून घटनेचा क्रम लिहून काढावा. कोण केव्हा आले, काय बोलले, आपले लक्ष कोठे होते, ही माहिती आधी कोणाकोणाला ठाऊक होती. बहुतेक वेळा कागदावर चूक सापडते आणि सापडलेली चूक दुरुस्त करता येते. सुरतेवर ऑक्टोबर 1670 मध्ये महाराज पुन्हा चालून आले, हेही स्मरणात ठेवण्याजोगे आहे.