औषधाच्या दुकानात फ्ल्यूची लस : इंग्लंडमधील अनुभव

लस तयार झाली म्हणजे रोगाचे निवारण झाले, असे होत नाही. ती योग्य वेळी योग्य व्यक्तीपर्यंत पोहोचावी लागते. फ्ल्यूच्या बाबतीत तर हे काम दरवर्षी नव्याने करावे लागते. कारण या रोगाचा विषाणू आपले रूप सतत पालटत असतो. यासाठी जागतिक आरोग्य संघटना फेब्रुवारीत उत्तर गोलार्धासाठी व सप्टेंबरात दक्षिण गोलार्धासाठी लशीच्या घटकांची शिफारस करते. लस टोचल्यानंतर प्रतिकारशक्ती निर्माण होण्यास सुमारे दोन आठवडे लागतात. साहजिकच, साथ येण्यापूर्वीच्या मोजक्या आठवड्यांत लाखो लोकांना लस कोणी टोचावी, हा प्रश्न उभा राहतो. इंग्लंडने त्याचे एक उत्तर औषधाच्या दुकानात शोधले.

औषधनिर्मात्याची निवड का?

इंग्लंडमध्ये ६५ वर्षांवरील वृद्ध, गरोदर स्त्रिया आणि मधुमेह, दमा, हृदयविकार यांसारख्या दीर्घकालीन व्याधींचे रुग्ण यांना ही लस विनामूल्य दिली जाते. निरोगी तरुणाला चार दिवस अंथरुणात पाडणारा फ्ल्यू या लोकांच्या बाबतीत न्यूमोनियापर्यंत जाऊन प्राणघातक ठरू शकतो. पूर्वी त्यांना लशीसाठी मुख्यतः आपल्या कुटुंबाच्या डॉक्टरांकडेच जावे लागे. त्यासाठी वेळ ठरवावी लागे आणि कामावर जाणाऱ्या रुग्णाला ती साधत नसे.

औषधाचे दुकान मात्र सायंकाळी व शनिवारीही उघडे असते. तेथील सुमारे ८९ टक्के लोकवस्ती औषधाच्या दुकानापासून वीस मिनिटांच्या पायी अंतरावर राहते, असे २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत आढळले. गरीब वस्त्यांत हे प्रमाण त्याहूनही अधिक होते. या कल्पनेला अमेरिकेतील अनुभवाचा आधारही होता. तेथील वॉशिंग्टन राज्यात औषधनिर्मात्यांना लस टोचण्याचे शिक्षण १९९४ मध्येच सुरू झाले होते आणि २००९ पर्यंत सर्व राज्यांनी त्यांना तसा अधिकार दिला होता. इंग्लंडच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेने सप्टेंबर २०१५ मध्ये ही सेवा देशभर सुरू केली.

अधिकाराआधी जबाबदारी

औषध विकणे आणि ते टोचणे ही दोन वेगळी कामे आहेत. म्हणून अधिकार देण्यापूर्वी अटी निश्चित करण्यात आल्या. औषधनिर्मात्याने टोचण्याचे प्रत्यक्ष शिक्षण घेतले पाहिजे. क्वचित, म्हणजे दहा लाखांत सुमारे एखाद्या व्यक्तीला, लशीनंतर तीव्र ॲलर्जीचा झटका येतो. त्या वेळी ॲड्रिनॅलिन टोचून प्राण वाचविण्याचे ज्ञान त्याला असले पाहिजे. लस टोचण्यासाठी दुकानात स्वतंत्र, आडोशाची खोली हवी. लस कोणाला द्यावी व कोणाला देऊ नये, याचे लेखी निर्देश वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या संमतीने तयार होतात. त्यामुळे प्रत्येक रुग्णासाठी वेगळी चिठ्ठी लागत नाही. पण औषधनिर्मात्याला त्या निर्देशांबाहेरही जाता येत नाही. पूर्वी लशीचा त्रास झाला होता काय, आज ताप आहे काय, हे विचारल्यानंतरच दंडाच्या स्नायूत लस टोचली जाते आणि तशी नोंद रुग्णाच्या डॉक्टरांकडे पाठविली जाते. ही नोंद न गेल्यास त्याच व्यक्तीला पुन्हा लस टोचली जाण्याचा संभव असतो.

शीतकपाटाची शिस्त तितकीच महत्त्वाची आहे. ही लस २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानातच ठेवावी लागते. उष्णतेने तिची शक्ती कमी होते, हे बहुतेकांना ठाऊक असते. परंतु गोठल्यानेही ती निरुपयोगी होते, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही.

आकडे काय सांगतात?

पहिल्या हंगामात औषधाच्या दुकानांतून सुमारे ६ लाख लोकांनी लस घेतली. २०१७-१८ मध्ये ही संख्या १३ लाखांवर गेली. लोकांनी सोय स्वीकारली, हे यावरून स्पष्ट होते. परंतु याची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. ६५ वर्षांवरील लोकांत लस घेणाऱ्यांचे प्रमाण २०१४-१५ मध्ये सुमारे ७३ टक्के होते. नव्या सेवेच्या पहिल्या वर्षी ते ७१ टक्के झाले. दुकानात आलेल्यांपैकी पुष्कळजण एरवी डॉक्टरांकडे गेलेच असते, असा याचा अर्थ निघू शकतो. आगाऊ मागविलेली लस शिल्लक राहील, अशी चिंता डॉक्टरांनीही व्यक्त केली होती. जागा जवळ आली तरी लशीची गरज पटलेली नसेल, तर माणूस दारावरून पुढे निघून जातो.

आपल्यासाठी बोध

२००९ मध्ये स्वाइन फ्ल्यूची साथ पुण्यात आली, तेव्हा या रोगाची तीव्रता महाराष्ट्राने अनुभवली. आपल्याकडे लस टोचण्याचे काम डॉक्टर आणि परिचारिका करतात, आणि येथील व्यवस्था इंग्लंडहून वेगळी आहे. तथापि, या अनुभवातील मुख्य सूत्र उपकेंद्रातील लसीकरणालाही लागू पडते. केंद्र जवळ असावे, टोचणारा हात शिकलेला असावा, शीतकपाटाचे तापमान रोज तपासले जावे आणि प्रत्येक टोचणीची नोंद व्हावी. ही व्यवस्था आरोग्य खाते उभी करू शकते. मात्र “मला काय होणार आहे?” म्हणून घरीच थांबणाऱ्या वृद्धाला किंवा मधुमेही रुग्णाला लशीचे महत्त्व पटवून देण्याचे काम गावातील शिक्षक आणि पंचायत सदस्य अधिक चांगल्या प्रकारे करू शकतात.